लाडू खाणारी सासू

चंद्रकला बाळंत झाली आणि सौंसरच्या त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला आपण डॉक्टर असल्याचा साक्षात्कार झाला. एक म्हणायची, डोक्याला फडकं बांध, वारं लागेल. दुसरी म्हणायची, फडकं सोड, उकाड्यानं दूध आटेल. शेजारची शोभा तर रोज येऊन पोरीचं नाक चिमटीत धरून वर ओढून जायची, कारण चपटं राहिलं तर पुढे लग्नाला अडचण. पोर तीन महिन्यांची होत आली, तिचं नाव छाया ठेवून झालं, तरी हा दवाखाना काही बंद झाला नाही. चंद्रकलेला कधी कधी वाटायचं, पोरीला अंगणात ठेवावं, आतून कडी लावावी आणि म्हणावं, घ्या, करा काय करायचं ते. पण कडी लावून बसायचं तर बसायला वेळ हवा, आणि तो तिच्याकडे नव्हता.

या सगळ्यांची पुढारी म्हणजे तिची सासू तानाबाई. जन्म संत्र्यांच्या बगीच्यांत टोपल्या वाहण्यात गेलेला, त्यामुळे डावा खांदा वर आणि उजवा खाली, आणि चाल अशी की डोक्यावर अजून टोपली आहे. बोलण्याआधी ती खोकायची. तो खोकला ऐकला की घरातली भांडीसुद्धा सावध व्हावीत. मग ती म्हणायची, "मी काई म्हनून नाई राहिली, पन..." आणि त्या 'पन'नंतर म्हणायचं काही शिल्लक ठेवायची नाही.

त्यात लाडू. डिंक, मेथी, खोबरं, खारीक असं सगळं कुटून तानाबाईने बाळंतिणीसाठी डबा भरला होता, आणि तो संपत आला की पुन्हा भरायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. नुसता हातात देऊन भागायचं नाही, समोर मांडी घालून बसायची आणि शेवटचा घास गिळेपर्यंत घशाकडे बघत राहायची. मेथी कडू, लाडू दगड, आणि पोट आधीच भरलेलं. चंद्रकला म्हणायची, "आत्याबाई, पुरे झालं ना आता." तानाबाई खोकायची. मग चंद्रकला मुकाट्याने तोंड उघडायची.

आता इथे सांगायला हवं की चंद्रकला काही नुसती बाळंतीण नव्हती. पांढुर्ण्याच्या भिवाजीच्या गंमत पार्टीतली ती सासू होती. दिवाळी झाली की या मुलखात गावोगाव मंडई भरते. बाजार, पाळणे, सोयऱ्याधायऱ्यांची जेवणं, आणि दुपारी लोकांनी पोट धरून हसावं म्हणून गंमत. ढोलकी, डफ, चार गाणी आणि मग सोंग. एरवी सोंगातल्या बायका म्हणजे लुगडं नेसलेले पुरुषच. चंद्रकलेचा बाप मात्र आंबेडकरी जलशात डफ वाजवणारा. चौदा एप्रिलला त्याच्यामागे उभी राहून ती लहानपणापासून गायची आणि गाणं संपलं की गावातल्या एकेकाची नक्कल करायची. बापाचा दोस्त भिवाजी याने तिथेच तिला हेरलं. खरीखुरी बाई, आणि तीही हसवणारी, हे ऐकून माणसं लांबून यायची.

मनोहरही त्यातलाच. वीज मंडळात लाइनमन. मंडईच्या मैदानाशेजारी तार जोडायला खांबावर चढला होता, तिथून त्याने चंद्रकलेची सासू पाहिली आणि उतरायचं विसरला. मागणी घालतानाच त्याने तिच्या बापाला शब्द दिला की तिचं काम मी बंद करणार नाही. शब्द त्याने पाळला, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त तो दिला तेव्हा घरात पोर नव्हती, आणि पोर कोणी धरायची याबद्दल त्यात काही म्हटलेलं नव्हतं.

आणि एक गोष्ट मनोहरलाही ठाऊक नव्हती. लग्नाआधीची चंद्रकलेची सोंगातली सासू बरी होती, एवढंच. लग्न होऊन ती सौंसरला आली, तानाबाईला चालताना पाहिलं, बोलताना ऐकलं, आणि पुढच्या मंडईला ती एक खांदा वर करून, खोकून, "मी काई म्हनून नाई राहिली" म्हणत उभी राहिली. लोक आडवे पडले. तेव्हापासून भिवाजीची पार्टी म्हणजे ती सासू, असंच झालं. तानाबाईला गर्दीत कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून ती गंमत बघायला कधी जायची नाही, आणि पार्टीलाही सौंसरात कधी बोलावणं आलं नव्हतं. या दोन गोष्टींवर चंद्रकलेचा सगळा धंदा उभा होता.

दिवाळीच्या तोंडावर भिवाजी पोरीला झबलं घेऊन आला. जयभीम झाला, चहा झाला, आणि मग त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. भिवाजीने टोपी काढली की बातमी वाईट असते.

"सावरगावची मंडई हाये," तो म्हणाला. "पंच म्हनते, सासू असन तं या. नाई तं आमी व्हिडिओ लावतो."

"मी येईन ना."

"तू अंगावर पाजनारी बाई. भर सोंगात पोट्टी रडली तं? तुळशीराम म्हनून राहिला का मी करतो सासू. तुह्या आंदी त्याचंच काम होतं थे."

तुळशीराम सोंगात सून व्हायचा. चाळिशीचा, मिशी काढलेला, दंड हे एवढाले. सासूचं काम चंद्रकलेला गेलं हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही आणि कधी विसरलाही नाही. आता यंदाची सासू त्याने केली की पुढच्या वर्षीही तोच करणार, हे चंद्रकलेला कोणी समजावायची गरज नव्हती. एकदा जागा गेली की गेली. मांडीवरच्या पोरीने नेमकी तेव्हाच तिच्या लुगड्यावर धार सोडली.

"मी येईन म्हटलं ना, काका," ती म्हणाली. "तुळशीरामले सांगजा, सुनेचंच लुगडं धुऊन ठेव म्हना."

बोलून तर बसली. आता पोर कोण धरणार? मनोहर म्हणाला, सणाच्या दिवसांत माझी सुट्टी म्हणजे अर्ध्या तालुक्यात अंधार. शोभेला विचारलं, तर जी बाई रोज नाक ओढायला हक्काने यायची तिला एकाएकी कमरेचं दुखणं आठवलं. चंद्रकलेची आई केव्हाच गेलेली. सल्ला द्यायला सगळी गल्ली, आणि पोर धरायला कोणी नाही. तिचा संताप झाला, आणि संताप काढायलाही जागा नव्हती, कारण पोर नुकतीच झोपली होती.

तेवढ्यात ओसरीवरून खोकला ऐकू आला.

"मी काई म्हनून नाई राहिली," तानाबाई म्हणाली, "पन पोट्टी दुसऱ्याच्या हातात द्याची नाई. मीच येईन संग."

नको म्हणावं तर काम जातं, हो म्हणावं तर सासू सासूला बघते.

मंडईच्या दिवशी सकाळी त्या दोघी पांढुर्ण्याच्या गाडीत बसल्या. बसल्या म्हणजे तानाबाई बसली आणि चंद्रकला उभी राहिली. जामसावळीला मारुतीच्या दर्शनाची माणसं चढली, नारळांच्या पिशव्या चढल्या, आणि त्यातल्या प्रत्येक बाईने पोरीला टोपडं का नाही म्हणून विचारलं. टोपडं होतं, ते पोरीने ओढून चावायला घेतलं होतं. तानाबाईने भर गाडीत डबा उघडून सुनेला सकाळचा लाडू दिला. चंद्रकलेने तो खिडकीतून टाकायचा विचार केला, पण खिडकीशी तानाबाई होती.

सावरगावला शाळेच्या आवारात मांडव घातला होता. मागे पडदा, पडद्यामागे शाळेची एक खोली. चंद्रकलेने तानाबाईला खोलीत बसवलं, चटई अंथरून दिली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बजावलं, "आत्याबाई, भाईर लय धूळ हाये. पोरीले खोकला होईन. तुमी भाईर येऊ नोका." धुळीचं नाव काढलं की तानाबाई हलणार नाही असा तिचा हिशेब होता. मग तिने पोरीला पाजायला घेतलं, तर पोरगी प्यायलाच तयार नाही. छताकडे बघून हसत राहिली. ढोलकी वाजायला लागली, भिवाजीने दोनदा डोकावून पाहिलं, आणि बया हसत हसत झोपून गेली. उपाशीच.

सोंग मात्र पहिल्या पावलापासून रंगलं. खांदा वर करून चंद्रकला मांडवात शिरली आणि नुसत्या चालीवर बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारायला लागल्या. इतके महिने झोप नाही, धड अंघोळ नाही, कोणी दोन शब्द सरळ बोललेलं नाही. इथे ती खोकली आणि हजार माणसं हसली. तिला वाटलं, आपण घरी आलो.

सोंगात एक जुना प्रसंग होता, भिवाजीच्या बापाच्या वेळेपासून चालत आलेला. सून बाळंत झालेली असते, तिच्या माहेराहून लाडवांचा डबा येतो, आणि सासू तो लपवून स्वतःच खाते. तुळशीराम कमरेला चिंध्यांचं बाळ बांधून रडत होता, "आत्याबाई, एक तरी द्या ना." चंद्रकलेने पाठ फिरवून डबा उघडला, तोंडात गुळाचा अख्खा लाडू कोंबला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "मी काई म्हनून नाई राहिली, पन बाळंतिनीनं कमीच खावं."

मांडव हसत होता आणि त्या हसण्यातून तिला पोरीचं रडणं ऐकू आलं.

कानाने ऐकायच्या आधी अंगाने ऐकलं. पोलक्याला ओल फुटली. तिने पदर पुढे ओढला आणि पुढचं वाक्य आठवू लागली, आणि ते आठवायच्या आतच पडदा बाजूला झाला. रडणारी छाया हातात घेऊन तानाबाई मांडवात आली. डावा खांदा वर, उजवा खाली. डोक्यावर टोपली असल्यासारखी चालत ती मधोमध आली, थांबली आणि खोकली.

"मी काई म्हनून नाई राहिली," ती म्हणाली, "पन पोट्टी भुकी हाये."

मग जो हशा उठला तो नदीपलीकडे पांढुर्ण्यात ऐकू गेला असेल. माणसं उभी राहिली, कोणी टोप्या उडवल्या, एक म्हातारा बाकावरून घसरून खाली बसला. त्यांना वाटलं, भिवाजीने यंदा दुसरी सासू आणली. तानाबाईने लोकांकडे पाहिलं, मग चंद्रकलेच्या वर केलेल्या खांद्याकडे पाहिलं, मग तिच्या लाडवाने फुगलेल्या गालाकडे आणि हातातल्या डब्याकडे. डब्याकडे ती जास्त वेळ बघत राहिली. चंद्रकलेला तो लाडू ना गिळता येईना, ना थुंकता.

तिने पोरीला घेतलं आणि आत पळाली. बाहेर तुळशीरामने, बिचाऱ्याने, एकट्याने दोन गाणी ओढून वेळ निभावली.

सोंग संपल्यावर भिवाजी आनंदाने नाचत आत आला. म्हणाला, बुढीला दर वेळी घेऊन ये, असा प्रसंग माझ्या बापालाही सुचला नव्हता. त्याच्या हातातला डफ त्याच्याच डोक्यात घालावा असं चंद्रकलेला मनापासून वाटलं.

परतीच्या गाडीत तानाबाई काही बोलली नाही. जिने जन्मभर काही न म्हणता सगळं म्हटलं, ती आज खरोखरच काही म्हणत नव्हती. घरी मनोहरने विचारलं, "कसा झाला खेळ?" दोघींची तोंडं पाहिली आणि तो सवयीप्रमाणे फ्यूज बघायला गेला. संध्याकाळ झाली, दिवा लागला आणि लाडू आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. डबा फळीवर होता, तानाबाई चुलीपाशी होती, भाकरी वेळेवर मिळत होती, पोरीची अंघोळ होत होती. फक्त समोर मांडी घालून कोणी बसत नव्हतं.

चंद्रकलेला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट ती आणखीच वैतागली. ओरडली असती तर बरं होतं. गल्लीत बोभाटा केला असता, मनोहरला बोलली असती, लुगडी फेकली असती, तर निदान भांडता आलं असतं. तिने भांडी आपटून पाहिली. सासूच्या कानावर जाईल अशा आवाजात पोरीपाशी गाऱ्हाणी करून पाहिली. काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी पोर झोपल्यावर ती चुलीपुढे जाऊन उभी राहिली.

"काय बोलायचं थे बोलून टाका ना, आत्याबाई. केली मी तुमची नक्कल. चाल घेतली, खोकला घेतला, बोलनं घेतलं. नाई जानार आता. करू द्या तुळशीरामले."

तानाबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"नकलेचं काय घेऊन बसली वं," ती म्हणाली. "वावरात निंदताना आमी बाया सासवायच्या नकलाच करत होतो. त्याबिगर दिस जात नव्हता. खांदा माहा वाकडा हाये, थो वाकडाच दिसन. हासू दे लोकायले." या वेळी खोकली नाही. "पन लाडू खानारी सासू तुले कोठी भेटली?"

"थे तं जुनं हाये. भिवाजीकाकाच्या बापापासून..."

"जुनंच हाये. मनोहरच्या वक्ताले माह्या मायनं डबा धाडला होता. माह्या सासूनं थो कोठीत ठेवला, कुलूप लावलं. माह्या समोर ननंदीले देये. एक लाडू भेटला नाई मले. दूध नव्हतं, पोट्टं रातभर रडे." तिने भाकरी निखाऱ्याकडे सरकवली. "चाल माही, बोलनं माहं, अन् लाडू तिचे. तुह्या मांडवात मी माही सासू झाली ना वं."

चंद्रकलेला लाज वाटली, साधी, तोंड लपवावंसं वाटणारी लाज. इतके दिवस जो लाडू ती शिक्षा समजून गिळत होती तो कुठून आला होता हे तिने कधी विचारलंच नव्हतं. ती तिथेच चुलीपाशी बसली आणि पोर उठेपर्यंत बसून राहिली.

पुढची मंडई मोहगावची. चंद्रकलेने भिवाजीला निरोप धाडला की मी येते, पण लाडवाचा प्रसंग बदलायचा. भिवाजी स्वतः सौंसरला धावत आला. टोपी काढली. म्हणाला, "इतक्या सालाचा लाडू बदलते काय? लोक मारतीन." चंद्रकला म्हणाली, मग तुळशीरामला घ्या. भिवाजीने टोपी पुन्हा घातली.

मोहगावला तानाबाई खोलीत बसली नाही. पोरीला मांडीवर घेऊन बायकांत, अगदी पुढे बसली, गर्दीचं काही न बोलता. खांदा वर करताना पहिल्यांदाच चंद्रकलेला तो जड वाटला. ती चालली, खोकली, डबा उघडला, पण या वेळी लाडू स्वतः खाल्ला नाही. ती तुळशीरामपुढे मांडी घालून बसली आणि त्याच्या घशाकडे बघत म्हणाली, "खाय." त्याने खाल्ला. "आनखी." तो उठून पळाला, ही मागे. "मी काई म्हनून नाई राहिली, पन हा लाडू राहिला ना वं!" मांडवाला दोन फेऱ्या झाल्या. बाळंतपणं केलेल्या आणि बाळंतपणं झालेल्या सगळ्या बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, कारण तो लाडू प्रत्येकीच्या घशात कधी ना कधी अडकलेला होता. तुळशीराम तोंड भरून गयावया करत होता, आणि त्याला सोंग करायची गरज नव्हती, कारण डब्यातले लाडू खरे होते. ते तानाबाईने रात्रीच बांधून दिले होते.

छाया मधेच रडायला लागली. तानाबाई उठली नाही. तिने बसल्या जागेवरून पोरीला वर उचलून धरलं, चंद्रकलेने सोंगातच जाऊन तिला घेतलं, पदराखाली लावलं आणि उरलेला प्रसंग पोरीला पाजत पाजत केला. सासूच्या वेशात. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खेळ संपला तेव्हा ती पडद्यामागे भिंतीला टेकून बसली होती. पोलकं भिजलेलं, आणि झोपलेली पोर हातात दगडासारखी जड. तानाबाई आली. खोकली.

"मी काई म्हनून नाई राहिली," ती म्हणाली, "पन लाडू असा दोन बोटानं नाई धरत. पंजात धराचा."

"हाव, आत्याबाई."

"अन् थ्या तुळशीरामनं सारे खाल्ले. बह्याड." मग तिने कमरेची गाठ सोडली. फडक्यात वेगळे काढून ठेवलेले दोन लाडू होते. "थो डबा सोंगाचा होता. हे तुहे."

चंद्रकलेचे दोन्ही हात पोरीखाली अडकले होते. तिने नको म्हटलं नाही. तोंड उघडलं. लाडू तसाच होता, कडू आणि दगड, आणि तो चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तानाबाई समोर मांडी घालून तिच्या घशाकडे बघत बसली होती, आणि दुसरा लाडू तिने पंजात धरूनच ठेवला होता.